चौरंगाखालची अंडी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या परदेशी बातम्यांच्या पानावर अमेरिकेतल्या 'जिप्सी पतंगा'ची एक छोटी बातमी होती. हे पतंग थव्याने उडत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घुसतात, जंगलेच्या जंगले फस्त करतात आणि तिथले शास्त्रज्ञ पार हतबल झाले आहेत, असा तिचा सूर. जंगले फस्त होतात हे खरे. बाकी दोन्ही विधाने मला लाल शाईने खोडावी लागतील. एकतीस वर्षे गडचिरोली जिल्ह्यात जीवशास्त्र शिकवले, सवय जात नाही.

अमेरिकेत पसरलेल्या या पतंगाच्या मादीला पंख असतात, पण उडता येत नाही. ती कोषातून बाहेर येते, फार तर थोडी सरपटते, तिथेच नराची वाट पाहते, तिथेच अंडी घालते आणि मरते. तरीही दीडशे वर्षांत हा पतंग मॅसॅच्युसेट्सपासून पश्चिमेला विस्कॉन्सिनपर्यंत आणि दक्षिणेला व्हर्जिनियाच्याही थोडा पुढे गेला आहे. तो कसा गेला ते मी नंतर वाचले. त्याआधी तोच प्रकार माझ्या हातून होता होता राहिला होता. म्हणून हे पत्र. लांबले तर कापा, पण चौरंगाचा भाग तेवढा ठेवा.

माझी मुलगी तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला राहत होती. वूस्टर शहराला लागून असलेले हे गाव, आपल्या लोकांची वस्ती बरीच. 2017 च्या मे महिन्यात तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले. जूनमधल्या एका सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर बसले होते. ऊन लख्ख पडलेले, आभाळात ढग नाही, आणि तरी झाडांतून टपटप टपटप. जावयांना विचारले, "पाऊस सुरू झाला काय?" ते म्हणाले, "पाऊस नाही आई. तुम्ही आत बसा." तोवर चहात दोन दाणे पडलेच होते. मोहरीपेक्षा थोडे मोठे, काळपट. अळ्यांच्या लेंड्या.

तो आवाज मी ओळखला, याचे त्यांना नवल वाटले. माझे बालपण आरमोरीचे. आमच्याकडे ढिवर समाजातली माणसे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळतात. आपण ज्याला टसर म्हणता तो. झाडाखाली उभे राहिले की अळ्यांच्या खाण्याचा आणि लेंड्यांचा हाच पाऊस ऐकू येतो. फरक एवढाच की आमच्याकडे ती अळी पाखरांनी खाऊ नये म्हणून माणूस दिवसभर गोफण घेऊन पहारा देतो. श्रूजबरीत पाखरांनी ती खावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसले होते आणि पाखरे तिकडे ढुंकून पाहत नव्हती. अंगभर लांब केस असलेली ती अळी बहुतेक पक्ष्यांना नको असते.

अळी दिसायला मात्र देखणी. धुरकट अंग, पाठीवर डोक्याकडून आधी निळ्या ठिपक्यांच्या पाच जोड्या, मग लाल ठिपक्यांच्या सहा. थोरल्या नातवाने मोजून खात्री करून घेतली आणि संध्याकाळी त्याच्या मानेवर पुरळ उठले. केसांचा प्रताप.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांनी आपल्या ओकच्या बुंध्यांना छातीच्या उंचीवर गोणपाट गुंडाळून मधोमध सुतळी बांधली होती आणि वरचा भाग खाली दुमडला होता. मोठ्या झालेल्या अळ्या रात्री शेंड्यावर जाऊन खातात आणि दिवसा ऊन टाळायला खाली उतरतात. गोणपाटाची घडी त्यांना आयती सावली वाटते. दुपारी हे गृहस्थ हातमोजे घालून घडी उघडत आणि अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत ढकलत. मीही मदतीला जाऊ लागले. गोणपाट हा माझा प्रांत. तिसऱ्या दिवशी आम्ही मोजणे सोडून दिले.

जूनच्या अखेरीस घरामागचे ओक आमच्याकडच्या मार्चमधल्या सागासारखे दिसू लागले. नुसते खराटे. त्या एका वर्षात मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ लाख एकरांहून जास्त जंगल असे उघडे पडले होते.

इथे कोणी म्हणेल, अळीने झाड खाल्ले यात नवल ते काय? आमच्या सागावरही अळी पडते. पावसाळ्याच्या तोंडाला एक येते ती कोवळी पाने खाते, पावसाळा सरताना दुसरी येते ती पानाच्या शिरा तेवढ्या ठेवते आणि झाडावर नुसती जाळी लटकते. पण त्या अळ्या इथल्याच. त्यांना खाणाऱ्या माश्या, गांधिलमाश्या, पाखरे, रोग, सगळा गोतावळा त्यांच्याबरोबर इथेच वाढला आहे. साग वाढायचा थोडा थांबतो, मरत नाही. अमेरिकेतल्या ओकसमोर जी अळी आली ती गोतावळा मागे ठेवून आली. एका वर्षी पाने गेली तर ओक जुलैत पुन्हा पालवी काढतो, त्यासाठी मुळांतला साठा खर्च करतो. लागोपाठ दोन-तीन वर्षे हेच झाले आणि त्यात पाऊसही कमी पडला, की झाड खचते. हेमलॉकसारख्या सूचिपर्णी झाडांना तर एकदा पूर्ण बोडके होणेही सोसत नाही. ही अळी तीनशेहून जास्त जातींची झाडे खाते, पण जीव ओकवर.

हे सगळे सुरू झाले ते रेशमापायी. एतिएन लेओपोल्ड त्रूव्हलो नावाचा फ्रेंच चित्रकार लुई नेपोलियनच्या राजवटीत देश सोडून अमेरिकेत आला आणि बॉस्टनजवळच्या मेडफर्डमध्ये राहिला. त्याला अमेरिकेतल्या रानटी रेशीमकिड्यापासून रेशीम काढायचे होते. घरामागच्या पाच एकर रानावर जाळी टाकून त्याने पॉलिफेमस नावाच्या पतंगाच्या लाखो अळ्या पाळल्या. या पतंगाचे शास्त्रीय प्रजातीनाव (जीनस) अँथेरिया. आमच्या कोशाच्या पतंगाचेही तेच. म्हणजे मेडफर्डचा हा फ्रेंच माणूस आणि आरमोरीचा ढिवर एकाच घराण्याच्या किड्यामागे होते. पुढे 1868-69 च्या सुमारास त्रूव्हलोने प्रयोगासाठी युरोपातून या दुसऱ्या पतंगाची अंडी आणली, आणि काही अळ्या निसटल्या. आपल्या हातून काय झाले हे त्याला कळले होते, त्याने ते बोलूनही दाखवले म्हणतात. कोणी मनावर घेतले नाही.

या माणसाचा मला राग येतो आणि येतही नाही. किड्यांचा नाद सोडून तो आकाशाकडे वळला, हार्वर्डच्या वेधशाळेत त्याने ग्रहांची, सूर्यावरच्या ज्वालांची चित्रे काढली. ती चित्रे अप्रतिम आहेत. 1882 मध्ये तो फ्रान्सला परतला. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. इकडे मेडफर्डमध्ये त्याच्या अळ्या वीस वर्षे कोणाच्या फारशा नजरेत न येता वाढत राहिल्या आणि 1889 च्या उन्हाळ्यात त्यांनी गाव व्यापले. भिंतींवर अळ्या, पायवाटांवर अळ्या, अंथरुणात अळ्या, आणि रात्रीच्या शांततेत झाडांतून चावण्याचा आवाज, असे लोकांनी तेव्हा सांगून ठेवले आहे. माझ्या हट्टापायी जावई मला मेडफर्डची ती गल्ली दाखवायला घेऊन गेले. मर्टल स्ट्रीट. साधी घरे, कुंपणे, एका दारात लहान मुलाची सायकल. मी पाच मिनिटे उभी राहिले. जावई गाडीतून उतरले नाहीत.

पुढची शंभर वर्षे माणसाने काय काय केले ते भराभर सांगते, कारण त्यातले बरेचसे चुकलेलेच आहे. 1890 पासून राज्य सरकारने माणसे लावून अंडी खरवडली, झाडे जाळली, विषे फवारली. शिशाचे आर्सेनेट हे विष याच पतंगासाठी प्रथम तयार झाले आणि नंतर पन्नास वर्षे सफरचंदांच्या बागांत पडत राहिले. 1900 पर्यंत पतंग इतका कमी झाला की विधिमंडळाने पैसे बंद केले. पाच वर्षांत तो दुप्पट जोमाने परत. (आमच्या जिल्ह्यात हिवतापाचे असेच होते. ताप उतरला की फवारणीही उतरते.) 1906 मध्ये युरोपातून एक परोपजीवी माशी आणून सोडली, ती या पतंगाला पुरी पडली नाही, पण तिथल्या मूळच्या मोठ्या रेशीमपतंगांच्या जिवावर उठली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे 2000 मध्ये जंगलात अळ्या ठेवून दाखवून दिले. 1957 मध्ये न्यूयॉर्क आणि आसपासच्या राज्यांत तीस लाख एकरांवर विमानांतून डीडीटी टाकले. त्याविरुद्ध लाँग आयलंडचे रहिवासी कोर्टात गेले. डीडीटीविरुद्धच्या पुढच्या सगळ्या लढ्याची एक सुरुवात तिथे आहे.

आणि ज्याने खरे काम केले ते मेले असे समजून लोक विसरले होते. जपानमधून आणलेली एक बुरशी 1910-11 मध्ये बॉस्टनजवळ सोडली होती, ती रुजली नाही अशी नोंद झाली. 1989 मध्ये सात राज्यांत अळ्या अचानक पटापट मेल्या, तपासले तर तीच बुरशी. ती तेव्हाचीच की नंतर कोणाबरोबर आली, यावर अजून वाद आहे. तिला मे-जूनमध्ये ओल लागते. 2015 आणि 2016 हे वसंत कोरडे गेले, बुरशी झोपून राहिली, म्हणून 2017 मध्ये माझ्या चहात लेंड्या पडल्या. त्या जूनमध्ये मात्र पाऊस झाला होता. महिना संपता संपता बुंध्यांवर मेलेल्या अळ्या लटकू लागल्या. नातवाला शिकवले, डोके खाली आणि अंग सरळ लोंबते तर बुरशीने मेली, इंग्रजी व्ही उलटा केल्यासारखी मधोमध वाकून लटकते तर विषाणूने. तो शाळेत जाऊन सांगून आला. त्याच्या बाईंनी मला बोलावले नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.

आता मूळ प्रश्न. मादी उडत नाही, तर पतंग पसरतो कसा?

वसंतात अंड्यातून निघालेली अळी डासाएवढी असते. ती झाडाच्या शेंड्यावर जाते, तोंडातून रेशमाचा धागा सोडून लोंबते आणि वारा आला की धाग्यासकट तरंगत जाते. बहुतेक अळ्या शेजारच्या झाडापर्यंत पोहोचतात, थोड्या त्यापुढे. अमेरिकेच्या वनखात्यातले अँड्र्यू लीबहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला. एवढ्या वाऱ्याच्या जोरावर पतंगाची हद्द वर्षाला दोन-तीन किलोमीटर सरकायला हवी. 1916 ते 1965 या काळात ती साधारण तेवढीच सरकत होती. पण 1966 ते 1990 मध्ये ती वर्षाला सुमारे 21 किलोमीटर धावली. वारा काही सातपट झाला नव्हता.

आमच्या बाजूच्या माणसाला हे वणव्यावरून चटकन समजेल. वणव्याची मुख्य रेघ गवतातून हळूहळू सरकते, तिच्यापुढे आपण पाला झाडून जाळरेषा काढतो. पण मधूनच एखादी ठिणगी उडून जाळरेषेपलीकडे पडते, तिथे वेगळी आग धरते, आणि मग दोन्ही आगी एकमेकींना मिळतात. या पतंगाची मुख्य रेघ वाऱ्यावर सरकते. तिच्या पुढे पन्नास, शंभर, कधी हजार किलोमीटरवर ठिणग्या पडतात. त्या वाहून नेतो तो माणूस. जळाऊ लाकूड, सहलीची गाडी, बागेतली खुर्ची, मुलांची घसरगुंडी, घर बदलताना ट्रकमध्ये चढवलेले सामान. मादी जुलै-ऑगस्टमध्ये जिथे सावली आणि आडोसा मिळेल तिथे अंड्यांचा एक पुंजका घालते आणि पोटावरचे केस चिकटवून तो झाकते. एका पुंजक्यात पाचशे ते हजार अंडी, आणि ती तशीच आठ-नऊ महिने थंडी काढतात. तेवढ्यात खुर्ची कुठेही जाऊ शकते.

या संशोधनातला मला सर्वांत आवडलेला भाग पुढे आहे. अशा बहुतेक ठिणग्या आपोआप विझतात. नवख्या ठिकाणी चार माद्या आणि पाच नर असले, तर त्यांची गाठच पडत नाही. मादीला उडता येत नाही, ती फक्त गंध सोडून वाट पाहते. नर लांबून येणार, तोही थोड्या दिवसांच्या आयुष्यात. स्थळे कमी, पत्ता अपुरा, मुहूर्त चुकला, वंश संपला. वॉर्डर अ‍ॅली या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून याला अ‍ॅली परिणाम म्हणतात. याचा अर्थ असा की नव्या जागी प्रत्येक पतंग मारत बसायला नको, त्यांची संख्या एका मर्यादेखाली ठेवली की पुरते.

त्यावरच तिथली मोहीम उभी आहे. मादीचा गंध शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये ओळखला आणि प्रयोगशाळेत बनवला. मुख्य रेघेच्या पुढे साधारण शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात दरवर्षी हजारो त्रिकोणी कागदी सापळे लावतात, आत त्या गंधाचा धागा. कुठल्या सापळ्यात किती नर अडकले यावरून ठिणगी कुठे पडली ते कळते. मग तेवढ्याच तुकड्यावर विमानातून गंधाचे बारीक कण टाकतात. नराला सगळीकडेच मादीचा वास येतो, तो भिरभिरत राहतो, खरी मादी तशीच राहते. फवारणीने माशी, मधमाशी, रेशीमपतंग काही मरत नाही. ही मोहीम या शतकाच्या सुरुवातीपासून सगळ्या आघाडीवर चालते आणि तिने पसरण्याचा वेग निम्म्याहून कमी केला आहे. आपल्या बातमीतले 'हतबल' शास्त्रज्ञ ते हेच. पतंग संपवणे आता शक्य नाही हे त्यांनी मान्य केले आहे, पण मान्य करणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे.

आणखी एक नोंद, कारण बातमीत 'हवामान बदलामुळे सगळीकडे' असेही होते. व्हर्जिनियाच्या किनारी सपाट भागात उन्हाळा इतका तापला आहे की तिथे पतंगाची हद्द उलट मागे हटली. डोंगराळ भागात ती पुढे गेली. 'सगळीकडे' हा शब्द निसर्गात फार जपून वापरावा लागतो.

आता चौरंग.

2018 च्या ऑगस्टमध्ये मुलीने घर बदलले. श्रूजबरीहून नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला. केरी हे गाव पतंगाच्या हद्दीबाहेर, श्रूजबरी पूर्ण आत. आतून बाहेर जाताना घराबाहेर ठेवलेले सगळे सामान उलटेपालटे करून तपासायचे, अंडी असल्यास काढायची आणि तपासल्याचा सहीचा कागद ट्रकबरोबर द्यायचा, असा तिथला कायदा आहे. सामान हलवणाऱ्यांचा माणूस आला, कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "इथे, इथे आणि इथे सही." जावयांनी फोनवर बोलता बोलता सगळ्या चौकोनांत बरोबरची खूण केली. खुर्च्या, झाल्या. शेगडी, झाली. कुंड्या, झाल्या. मी शेजारी बसून पोळ्या गुंडाळत होते. एकतीस वर्षे प्रयोगवह्या तपासल्या, न करता लिहिलेला प्रयोग मला अक्षरावरून कळतो.

"एकही वस्तू उलटी केली नाही तुम्ही," मी म्हटले. ते हसले. "आई, सगळे असेच करतात."

म्हणून मी उठले. डेकवर तुळशीची कुंडी होती, थंडीत आत आणि मे ते ऑक्टोबर बाहेर. तिच्याखाली चौरंग. वडश्याच्या सुताराकडून सागाचा करून घेतलेला, मी स्वतः चार वर्षांपूर्वी बॅगेत घालून नेलेला, त्याच्या वजनापायी दोन किलो पापड मागे ठेवलेले. कुंडी बाजूला केली, चौरंग उलटा केला. आतल्या कोपऱ्यात अंगठ्याएवढे दोन पुंजके. उंटाच्या रंगाचे, मखमल लावल्यासारखे. गडचिरोलीच्या सागाला मॅसॅच्युसेट्सची अंडी. मग प्लास्टिकच्या खुर्चीच्या पोकळीत एक, शेगडीच्या झाकणाच्या घडीत एक. चार पुंजके, कागदावर शून्य.

पुढची चूक माझी. लोण्याच्या सुरीने मी पहिला पुंजका खरवडला आणि सवयीप्रमाणे हिरवळीवर भिरकावला. मुलगी ओरडली. जमिनीवर पडलेली अंडीही वसंतात फुटतात. मग आम्ही दोघी गुडघ्यावर बसून गवतातून मखमलीचे तुकडे वेचत राहिलो, ट्रकवाला घड्याळ पाहत. बाकीचे तीन नीट साबणाच्या पाण्यात सोडले. ते दोन दिवस पाण्यात ठेवायचे असतात, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशीच निघायचे होते, म्हणून तो डबा झाकण लावून शेजारच्या गोणपाटवाल्या गृहस्थांच्या हवाली केला. त्यांनी तो असा हातात घेतला की जणू संक्रांतीचे वाण. त्याआधी एका पुंजक्यातली अंडी मी टाचणीने वेगळी करून मोजली होती. सहाशे बारापर्यंत मोजली आणि जावयांनी दिवा बंद केला.

प्रामाणिकपणे सांगायचे तर, ती अंडी केरीला गेली असती तरी बहुधा काहीच झाले नसते. वर सांगितले तेच, गाठ पडली नसती, विझून गेली असती. पण त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधून बाहेर निघालेल्या प्रत्येक घरात एक जावई सही करत असणार.

आता मी दुसऱ्यांच्या जावयांना बोलते आहे, तर स्वतःचेही सांगते. 2017 मध्ये अमेरिकेत उतरताना माझ्या पैठणीच्या घडीत कढीपत्त्याच्या सहा डहाळ्या होत्या. बाळंतिणीच्या घरी कढीपत्ता नको का? विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी शांतपणे साडी उलगडली, डहाळ्या पिशवीत बंद केल्या. मी महिनाभर चिडून होते, एवढा मोठा देश आणि चार पानांना भितो. नंतर कळले की लिंबूवर्गीय झाडांचा 'ग्रीनिंग' नावाचा घातक रोग पसरवणारी बारीक कीड कढीपत्त्यावरही जगते, आणि 2005 मध्ये फ्लोरिडात तो रोग सापडल्यापासून तिथल्या संत्र्यांच्या बागा वाळत चालल्या आहेत. नागपूरच्या संत्र्यालाही तो रोग अनोळखी नाही. मी संत्र्याच्या प्रदेशातली बाई, मला हे विमानात बसण्याआधी ठाऊक असायला हवे होते.

या पतंगाची बातमी आपल्या वाचकांना दूरची वाटेल. पण समुद्रापलीकडचा पतंग आपल्याकडेही आला आहे. 2018 मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्या मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी. तिचा पतंग मात्र खरोखर उडतो, वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरही जाऊ शकतो, आणि म्हणून तिच्यावर कोणताही सहीचा कागद चालत नाही. उडणारा आणि न उडणारा, दोघांचे उपाय वेगळे. बातमीत 'थव्याने उडत' लिहिले की वाचकाला वाटते आपल्या हाती काहीच नाही. तेवढ्यासाठी मी हे सगळे लिहिले.

(या पतंगाचाच एक आशियाई भाऊ आहे, त्याची मादी उडते आणि बंदरातल्या दिव्यांवर येऊन जहाजांवर अंडी घालते. 1991 मध्ये रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या जहाजांबरोबर तो अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम बंदरांत पोहोचला होता, तिथे त्याला वेळीच संपवले. कदाचित आपल्या वार्ताहराने दोघांची गल्लत केली असेल.)

शेवटचे, नावाबद्दल. 'जिप्सी' हा शब्द युरोपातल्या रोमा लोकांना हिणवण्यासाठी वापरला जातो, म्हणून अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने 2021 मध्ये ते नाव रद्द केले आणि 2022 मध्ये 'स्पंजी मॉथ' हे नाव दिले, अंड्यांच्या स्पंजासारख्या पुंजक्यावरून. ज्या राज्यात भटक्या-विमुक्तांनी स्वतःवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का पुसायला 1952 पर्यंत वाट पाहिली, तिथल्या वृत्तपत्राने जुने नाव छापू नये असे मला वाटते. मराठीत काय म्हणावे? आमच्या घरी त्याला 'बोळ्या' म्हणतात, पुंजका कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याला याहून चांगले सुचले तर ते घ्या.

चौरंग आता केरीला आहे. 2019 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या गल्लीच्या टोकाला एका झाडावर नारिंगी त्रिकोणी सापळा लावलेला दिसला. वाकून आत पाहिले, रिकामा होता. जावई आता प्रत्येक खुर्ची उलटी करून दाखवतात, मी विचारायच्या आधीच.

तो तपासणीचा कागद मी मराठीत करून ठेवला आहे, सोळा ओळींचा. आपल्याकडे चौकट रिकामी असेल तेव्हा कळवा, पाठवते. आणि गेल्या आठवड्याच्या बातमीची दुरुस्ती, एका ओळीची का होईना, छापावी ही विनंती.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
आरमोरी, जि. गडचिरोली